चिनी शाईचित्रांच्या सहीच्या प्रती जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंधरा-सोळा वर्षं मी हा उद्योग करतो आहे. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात या पुस्तकांनी एक कपाट अडवलंय, आणि बायकोच्या हिशोबानं निम्मा दिवाणही. घरी येणारे आणि फोन करणारे साधारण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली.

नेमकं काय जमवता? चित्रं की पुस्तकं?

पुस्तकं. शाई, पाणी आणि कुंचला यांतून उतरलेल्या चित्रांचे छापील संग्रह, ज्यांच्यावर चित्रकारानं किंवा संपादकानं स्वतःच्या हातानं सही केली आहे. मूळ चित्र घ्यायची आपली ऐपत नाही. सहीच्या प्रतीत मात्र त्याच हातानं, बऱ्याचदा त्याच शाईनं लिहिलेल्या दोन-तीन ओळी मिळतात. चिनी संग्राहक अशा प्रतीला ‘छ्येनमिंगबेन’ म्हणतात. सही नसून नुसता शिक्का उमटवलेला असेल, तर ती ‘छ्येनयिनबेन’.

छपाईचे तीन प्रकार ओळखता यायला हवेत. पहिला लाकडी ठशांचा: एका चित्रासाठी अनेक ठसे कोरतात आणि पाण्यात कालवलेले रंग एकावर एक उमटवतात. दुसरा कॉलोटाइप, म्हणजे काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून केलेली छपाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शांघायमध्ये आणि जपानमध्ये असे सुंदर संग्रह निघाले. तिसरा आपला नेहमीचा ऑफसेट.

पुस्तकाची पानं पुढच्या बाजूला जोडलेली आहेत. कापू का?

नका! जुन्या पद्धतीच्या शिवलेल्या पुस्तकात एकाच बाजूला छापलेला कागद मधोमध दुमडतात. घडी बाहेर राहते आणि मोकळ्या कडा पाठीकडे दोऱ्यानं शिवतात. म्हणजे ते पान मुळातच दुहेरी असतं. माझ्या एका परिचितानं ‘न कापलेली प्रत’ समजून सुरीनं निम्मं पुस्तक उघडलं होतं. आत कोरा कागद निघाला आणि पुस्तक कामातून गेलं.

विक्रेता ‘स्वाक्षरी व शिक्क्यासह’ म्हणतो. विश्वास ठेवावा का?

सर्वांत जास्त माणसं इथेच फसतात. मीही फसलो.

चिनी चित्रात सही आणि लाल शिक्का हा चित्राचाच भाग असतो. त्यामुळे चित्र छापलं की सहीही छापली जाते. अशा अर्थानं बाजारातला प्रत्येक संग्रह ‘सहीचा’ आहे. ली कचरान यांच्या म्हशींच्या चित्रांचा एक संग्रह मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून साडेसहा हजारांना मागवला. पहिल्याच पानावर काळीभोर सही, खाली लालबुंद चौकोन. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी दहापट भिंग लावलं आणि सहीचे ठिपके झाले. निळे, किरमिजी, पिवळे, काळे, रांगोळीच्या कागदावर असतात तसे ओळीनं. मी तक्रार केली, तर विक्रेत्याचं उत्तर आलं की चित्रावर सही आहे, असंच तर आम्ही म्हटलं होतं. त्याचं वाक्य खोटं नव्हतं, मीच अर्धवट वाचलं होतं.

त्यामुळे पहिला प्रश्न ‘सही आहे का’ हा नको. ‘सही कोणत्या पानावर आहे, आणि ती पुस्तक छापून झाल्यावर केलेली आहे का’ असं विचारा. आतल्या कोऱ्या पानाचा किंवा शीर्षकपानाचा तिरक्या उजेडातला फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की तो व्यवहार सोडून द्या.

मग खरी शाई ओळखायची कशी?

भिंग आणि खिडकीतला तिरका ऊन-प्रकाश पुरतो.

ऑफसेटचे ठिपके भिंगातून लगेच दिसतात. कॉलोटाइपमध्ये ठिपके नसतात. तिथे बारीक, वेडीवाकडी, सुरकुतल्यासारखी कणी दिसते आणि सहीही त्याच कणीची असली तर ती छापलेली. लाकडी ठशाची सही सर्वांत फसवी. शाई तीच, कागद तोच आणि ठसा घासून छापतात, त्यामुळे शाई पाठीमागेही उतरते. पान उलटून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही. अशा वेळी दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा बघा. हातानं लिहिताना दुसरी रेघ पहिलीवरून जाते, म्हणून छेदावर शाई दाट होते, कधी कडेला किंचित पसरते. ठशात दोन्ही रेघा एकाच दाबात उमटतात आणि सगळीकडे काळेपणा सारखा राहतो. कुंचल्यातली शाई संपत आली की रेघेत पांढरे तंतू राहतात. चिनीत याला ‘उडतं पांढरं’ म्हणतात. हे तंतू कागदाच्या पोताप्रमाणे तुटत तुटत जायला हवेत.

शिक्क्याची लाल लुकण हिंगूळ, एरंडेल आणि दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचे तंतू कुटून करतात. खऱ्या शिक्क्याला किंचित जाडी असते, बोटाला नाही तरी तिरक्या उजेडात ती कळते. आणखी एक खूण मला फार आवडते. समोरच्या पानावर कधी कधी शिक्क्याची फिकट, उलटी लाल सावली पडलेली असते. ओला शिक्का मारून कुणीतरी पुस्तक घाईनं मिटलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. काही विक्रेते तिला ‘डाग’ म्हणून किंमत कमी करतात. तेव्हा गप्प बसावं आणि पैसे द्यावेत.

सही महत्त्वाची की शिक्का?

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत वर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब असे. या दोन्हींच्या मधे आलेला मजकूरच खरा. शिक्कामोर्तब हा शब्द तिथलाच. चिनी चित्रकाराचं सही-शिक्क्याचं नातं साधारण असंच आहे. नुसत्या सहीवर शंका घेता येते, नुसता शिक्का वारसांकडेही उरतो. चित्रकार गेल्यानंतर त्याच्या दगडी शिक्क्यानं घरच्यांनी पुस्तकं ठसवली, असं घडू शकतं. म्हणून सही अधिक शिक्का ही जोडी मी धरतो. एकच मिळणार असेल तर सही.

शिक्के दोन तऱ्हांचे: लाल अक्षरं पांढऱ्यावर, किंवा पांढरी अक्षरं लालवर. एकाच माणसाचे डझनावारी असतात. चित्रकार छी बाइशी यांच्या एका शिक्क्यावर ‘लाकडी माणूस’ अशा अर्थाची दोनच अक्षरं आहेत, कारण ते मुळात सुतार होते. स्वतःचे शिक्के ते स्वतःच कोरत.

सहीखालची तारीख कळत नाही. इसवी सन कसा काढायचा?

मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. पंचांगात साठ संवत्सरांचं चक्र असतं, प्रभव, विभव आणि पुढे. चिनी कालगणनेतही साठ वर्षांचं चक्र आहे, दहा ‘खोडं’ आणि बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांतून झालेलं. ‘जियाझ’ हे पहिलं वर्ष १९२४ मध्ये आलं, मग १९८४ मध्ये. ‘गेंगयिन’ म्हणजे १९५० किंवा २०१०. दोन्हींतलं कोणतं, ते चित्रकाराच्या जन्म-मृत्यूवरून ठरवायचं. मात्र चिनी वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत बदलतं, तेव्हा जानेवारीतली सही मागच्या वर्षात जाते.

‘मिंगुओ’ लिहून आकडा असेल, तर तो प्रजासत्ताकाचा शक. शकात जसे आपण ७८ मिळवतो, तसे इथे १९११ मिळवायचे. मिंगुओ २२ म्हणजे १९३३.

तिसरी पद्धत वयाची, आणि तिच्यात गंमत आहे. म्हातारे चित्रकार नावाआधी वय लिहितात: ‘ब्याण्णव वर्षांचा बाइशी’. छी बाइशी जन्मले १ जानेवारी १८६४ ला, म्हणजे चिनी हिशोबानं मागच्याच वर्षात. चिनी रीतीनं जन्मताच एक वर्ष धरतात. त्यात १९३७ साली, पंचाहत्तरावं वर्ष घाताचं आहे असं ज्योतिषानं सांगितलं म्हणून त्यांनी स्वतःच्या वयात दोन वर्षं वाढवून थेट सत्याहत्तर लिहायला सुरुवात केली. यमाला चकवलं म्हणायचं! १९५७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या हिशोबानं सत्त्याण्णव वर्षांचे होते. म्हणजे ‘ब्याण्णव’ ही सही १९५२ ची. विक्रेत्यानं १८६४ मध्ये ९२ मिळवून १९५६ असं लिहिलेलं दिसलं, तर त्याला या भानगडीचा पत्ता नाही एवढंच समजा. प्रत खोटी ठरत नाही.

आत दुसऱ्याच कुणाचं नाव लिहिलंय. किंमत कमी होते ना?

बहुतेक वेळा उलट. आपल्याकडे ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं पुस्तक रद्दीत सापडलं की आपण हळहळतो. इथे तीच ओळ प्रतीचं कूळ सांगते. वर घेणाऱ्याचं नाव, खाली देणाऱ्याचं. मधे ‘चुका दाखवाव्यात’ अशा अर्थाचे दोन नम्र शब्द. वयानं लहान माणसालाही ‘थोरले बंधू’ म्हणायची रीत आहे, त्यामुळे नुसत्या संबोधनावरून नातं ठरवू नका. घेणारा स्वतः चित्रकार, संपादक किंवा शिष्य असेल तर ती प्रत मी नुसत्या सहीपेक्षा वरची मानतो. खोटं करणाराही शक्यतो नाव टाळतो, कारण नाव आलं की तपासायला आणखी एक धागा मिळतो.

वरचं नाव कापून टाकलेल्या प्रतीही भेटतात. भेट मिळालेलं पुस्तक विकल्याची लाज हे एक कारण. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात अशी ओळखपाळख घरात सापडणं धोक्याचं होतं, हे दुसरं. मी अशा प्रती घेतो. कापलेल्या कागदाची ती चौकट रिकामी असते तरी काहीतरी सांगते.

एकच पुस्तक मिळणार असेल तर कोणतं?

‘बेइपिंग ज्येनपू’, म्हणजे बेइपिंगच्या सचित्र पत्रकागदांचा संग्रह. विचारण्याचीही गरज नाही, आणि मिळण्याचीही शक्यता नाही.

पूर्वी चीनमध्ये पत्र लिहायच्या कागदावर फिकट रंगात छोटी चित्रं छापत: कोळंबी, ऑर्किडचं पातं, एखादा दगड. बीजिंगच्या लिउलिचांग गल्लीतल्या कागदवाल्यांचा हा धंदा. शहराचं नाव तेव्हा बेइपिंग होतं. फाउंटन पेन आणि यंत्राचा कागद आल्यावर तो बुडायला लागला. लेखक लू शून शांघायमध्ये, विद्वान झेंग झेनदुओ बेइपिंगमध्ये. दोघांनी पत्रांतून ठरवलं की हे कागद संपण्याआधी जमवायचे. झेंग दुकानं पालथी घालून नमुने पाठवत, लू शून निवडत. मग त्याच दुकानांतल्या मूळ ठशांवरून छापून १९३३ च्या अखेरीला सहा भागांचा संच निघाला. छी बाइशी आणि चेन शिझेंग यांची चित्रं त्यात आहेत. पहिली छपाई फक्त शंभर संचांची, प्रत्येकावर क्रमांक आणि दोघांच्या सह्या. पुढच्या वर्षी आणखी शंभर निघाले.

सह्या कुंचल्याच्या आहेत आणि कसलाही थाट नाही. ज्यांचा लौकिक चित्रकार म्हणून नाही, अशा दोघांच्या सह्यांची ही प्रत चित्रसंग्रहांत सर्वांत मानाची आहे, हे मला फार छान वाटतं. इथे एक सापळा आहे: लू शून यांची प्रस्तावना हस्ताक्षरात छापलेली आहे, पण ते अक्षर त्यांचं नाही. ती वेई ज्येनगोंग या विद्वानानं लिहून काढली. त्या अक्षराशी सही जुळवून बघाल तर खरी प्रत खोटी ठरवाल. आणि लू शून ऑक्टोबर १९३६ मध्ये गेले. त्यानंतरच्या कुठल्याही पुनर्मुद्रणावर त्यांची शाईची सही असूच शकत नाही.

आणि माझ्यासारख्याला परवडेल असं?

च्यांग यी यांच्यापासून सुरुवात करा. १९०३ चा जन्म. ते इंग्लंडमध्ये, पुढे अमेरिकेत राहिले आणि ‘सायलेंट ट्रॅव्हलर’ नावाच्या मालिकेत त्यांनी लंडन-ऑक्सफर्डची धुकट दृश्यं चिनी कुंचल्यानं काढली. पुस्तकं इंग्रजीत असल्यानं कळतातही, आणि ते चिनी नि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत सह्या करत. कोका-कोलाचं चिनी नाव त्यांनीच सुचवलं असं सांगतात.

दुसरी वाट हाँगकाँग-तैवानमधल्या प्रदर्शनांच्या पुस्तिकांची. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मधल्या फळीच्या चित्रकारांनी उद्घाटनाच्या दिवशी त्यांवर सह्या दिलेल्या असतात. पुस्तिका पातळ, कागद गुळगुळीत, सही बऱ्याचदा मार्करची. तरी सही खरी आणि दाम कमी. मोठ्या नावाच्या संशयास्पद प्रतीपेक्षा मला हे बरं वाटतं.

‘मोहरीच्या दाण्याची बाग’ची १६७९ ची प्रत स्वस्तात मिळते आहे. घेऊ?

नको. चित्रकला शिकवणारं हे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. पहिला भाग १६७९ मध्ये नानजिंगला निघाला, पुढचे १७०१ मध्ये. तेव्हापासून त्याची पुनर्मुद्रणं थांबलेली नाहीत. हाती येतात त्या बहुतेक १८८७-८८ च्या शांघायच्या शिळाछाप आवृत्तीच्या, किंवा तिच्यावरून केलेल्या. आपल्या शिळाप्रेसच्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना ती छपाई लगेच कळेल. शिळाछाप प्रत म्हणून, शिळाछाप भावात मिळाली तर जरूर घ्या.

भारतात अशी काही मिळण्याची शक्यता आहे का?

कमी, पण आहे, आणि कोलकात्यात जास्त. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून चित्रकार श्यू बेईहोंग १९३९ च्या अखेरीस शांतिनिकेतनला आले. १९४० मध्ये त्यांनी गांधीजींचं रेखाचित्र काढलं आणि ‘डोंगर हलवणारा वेडा म्हातारा’ हे प्रचंड चित्र याच मुक्कामात रंगवलं. त्या काळच्या कागदपत्रांत त्यांचं नाव ‘जू पेओं’ असं येतं. आजच्या नावानं शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. जुन्या इंग्रजी स्पेलिंगांची ही गोष्ट सगळ्यांच बाबतीत लक्षात ठेवा. छी बाइशी ‘ची पाई-शी’ होऊन बसलेले असतात.

महाराष्ट्राशी खरा धागा चित्रकार झांग दाच्यान यांचा. १९४१ ते ४३ त्यांनी चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांत भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. १९५० मध्ये भारतात आल्यावर ती चित्रं ताडून बघायला ते अजिंठ्याला गेले, मग काही काळ दार्जिलिंगला राहिले. त्यांच्या स्वतःच्या संग्रहातल्या जुन्या चित्रांचे चार भाग १९५५-५६ मध्ये क्योतोहून कॉलोटाइपमध्ये निघाले. सहीची प्रत दिसली तर मला कळवा, घेऊन टाकू नका! गमतीचा भाग असा की हा माणूस जुन्या चित्रांच्या बेमालूम नकला करण्यातही अव्वल होता. बोस्टनच्या संग्रहालयानं १९५७ मध्ये दहाव्या शतकातलं म्हणून घेतलेलं चित्र त्यांच्याच हातचं निघालं. त्यांची सही तपासताना मला दरवेळी जरा हसू येतं.

चीनमधून पुस्तक आणायला कायद्याची अडचण आहे?

जुन्याला आहे. १९११ पर्यंतची पुरावस्तू चीनबाहेर नेता येत नाही. १९४९ पूर्वीचं महत्त्वाचं काहीही नेण्यावर मुळात बंदीच आहे. म्हणून जुन्या प्रती आधीच बाहेर गेलेल्या, म्हणजे जपान, युरोप, अमेरिका इथल्या विक्रेत्यांकडून घ्याव्यात. आपल्याकडे छापील पुस्तकांच्या आयातीवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागलं. मागवण्याआधी चालू दर बघा आणि पार्सलवर ‘कलाकृती’ असं न लिहिता ‘छापील पुस्तक’ असं खरं तेच लिहायला सांगा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू एकदा इथे आली की १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परत बाहेर विकता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पावसाळ्यात काय करता?

जून ते सप्टेंबर काळजी करतो.

हा कागद, ‘श्वेन’, आन्हुई प्रांतातल्या एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा. तो टिकतो शतकानुशतकं, पण ओल पितो आणि कसरीला तर मेजवानीच. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या, आर्द्रतामापक. काटा साठच्या वर गेला की पुड्या तव्यावर भाजून पुन्हा ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधू नका, आतल्या आत घामेजतं. आजोबा पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवत. मीही कापडाच्या पुरचुंडीत ठेवतो, कागदाला न लागेल असं. निंगबोच्या त्येनयी ग्रंथालयात, जे सोळाव्या शतकापासून उभं आहे, पानांत अशीच एक वासाची वनस्पती ठेवत. सहाव्या चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पुस्तकं उन्हाला दाखवायचा चिनी प्रघात मात्र इथे पाळू नका. आपल्याकडे तेव्हा बहुतेक आषाढ लागलेला असतो.

पान फाटलंय. चिकटपट्टी लावली तर?

नाही. गव्हाच्या खळीशिवाय काही नाही, आणि तेही जाणकाराकडून.

चिनी वाचता येत नाही, तरी जमेल?

जमेल. मोबाइलवरचं भाषांतर छापील अक्षरं वाचतं, पण घाईतली कुंचल्याची सही त्याला झेपत नाही. कालगणनेची बावीस अक्षरं, आकडे आणि भेट देतानाचे आठ-दहा शब्द पाठ करा. मला एक पावसाळा लागला. त्यानंतर ज्या चित्रकाराच्या मागे आहात, त्याच्या पक्क्या खऱ्या सह्यांचे वीसएक फोटो गोळा करून शेजारी ठेवा. अक्षराचं वळण डोळ्यांत बसायला वेळ लागतो, पण एकदा बसलं की उतरत नाही.

हातमोजे घालावेत का?

पातळ कागदाला नको. मोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं. हात धुवा, कोरडे करा, बस्स. एक अपवाद: ग्वांगदोंगकडच्या जुन्या पुस्तकांत पहिलं-शेवटचं पान कधी कधी भगव्या-केशरी रंगाचं असतं. कसर लागू नये म्हणून त्याला शेंदराचा हात दिलेला असतो, आणि शेंदूर म्हणजे शिसं. ते पान बघून झाल्यावर हात साबणानं धुवा, मगच चहाच्या कपाला लावा.